नऊ पावलं कमी

रंगरावकाका हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत रोज सकाळी उलटे चालायचे. कानाला कॉर्डलेस फोन, हातात खडू आणि तोंडानं चालूच: "पकडतंय... पकडतंय... गेलं!" गेलं की तिथंच रस्त्यावर रेघ!

कॉर्डलेसची रेघ दूधवाल्याच्या दारात. कोठीच्या बाजारातून आणलेला वॉकीटॉकी रेशन दुकानापर्यंत पोचला, पण त्यात काकांपेक्षा कुणी परकाच जास्त बोलायचा. "याला दम आहे, मगर अक्कल नाही!" भाच्याच्या मोबाईलमधलं इन्फ्रारेड बघून तर खदखदून हसले. "हे लग्नच झालं की! समोरासमोर तोंड पाहिजे, अंतरपाट आला की बंद!" आणि ब्लूटूथ? "भिंत दिसली की शेपूट घालतं बिचारं."

एकदा उलटं चालता चालता टमाट्याच्या गाडीतच बसले. भाजीवाली तेलुगूत उद्धार करतेय आणि हे फोन उंच धरून ओरडतायत, "पकडतंय!" हसून हसून माझं पोट दुखलं.

मी समोर नवीनच राहायला आले होते. म्हटलं, "काका, सरळ मोबाईल घ्या की."

"नक्को, बाई. नंबर कोण दाबणार?"

कंजूष म्हातारा, मी मनात म्हटलं.

मग एक दिवस त्यांनी घरी बोलावलं. पलंगावर सुशीलाकाकू. अर्धांगानं वाचा गेलेली, हालायचा तो फक्त डावा अंगठा. त्याखाली कॉर्डलेसचं बटण. काकूंनी ते दाबलं की काकांच्या हातातला फोन वाजायचा.

"कोपऱ्यावरच्या इराणीकडं माझे दोस्त बसतात," काका म्हणाले. "दोन वर्षं गेलो नाही. कॉर्डलेसला नऊ पावलं कमी पडतात हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच मागं लागून दोन मोबाईल आणवले. एकच बटण दाबून धरलं की काकांना फोन, असं काकूंना करून दिलं.

पहिल्या दिवशी काका इराणीकडं पोचले, चहा आला, आणि फोन वाजला. कप तसाच टाकून धापा टाकत घरी! काकूंचे डोळे मजेत हसत होते. झालं काहीच नव्हतं.

आता काका रोज जातात. रोज फोन वाजतो, रोज अर्धा चहा टाकून पळत येतात.

"काका, काही झालेलं नसतं, माहीत आहे ना आता? चहा तरी संपवून या!"

"हौ, माहीत आहे. मगर मी आलो नाही, तर फोन लागला हे तिला कसं कळणार?"