घरचा पेशंट

छातीत दुखण्याचा अभिनय अख्ख्या विक्रोळीत माझ्याइतका चांगला कुणालाच जमत नाही! थट्टा करत नाहीये. आमचे आजोबा गावाला दशावतारात संकासुर व्हायचे, तेव्हा कला रक्तातच आहे. माझ्यात ती छातीच्या डाव्या बाजूला उतरली, एवढंच.

माझी बायको इरावती नर्स आहे. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ती बरीच वर्षं रात्रपाळी करत होती. पेशंटच्या उशाशी उभी राहणार ती, पण साधी गोळी बदलायची तरी डॉक्टर येईपर्यंत थांबायचं. "मला कळत असतं रे काय करायचं ते. पण माझ्या सहीला किंमत नाही," असं चहा पिता पिता म्हणायची, आणि कप हातात तसाच राहायचा. म्हणून तिने नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स केला. पेशंट स्वतः तपासायचा, ठराविक औषधं स्वतःच्या सहीने द्यायची! आता फक्त परवाना मिळायचा होता, आणि त्याच्या आड एक प्रॅक्टिकल उभं होतं. परीक्षकांसमोर पेशंटला प्रश्न विचारायचे, तपासायचं आणि काय झालंय ते सांगायचं.

"मला सरावाला कुणीतरी पाहिजे यार," इरा म्हणाली.

"मी आहे ना! कुठला रोग पाहिजे बोल!"

यात माझा स्वार्थ होता. तिची रात्रपाळी, माझी कंपनीच्या स्टोअरमध्ये दिवसपाळी. आमचा संसार म्हणजे दारात चावी द्यायची आणि घ्यायची. "डाळ गरम करून घे", "गॅस बंद केलास ना?", संपलं बोलणं! त्यात कोर्सचा अभ्यास. बायको त्याच घरात राहत होती आणि मला तिची आठवण यायची! आता हीच बायको रोज संध्याकाळी ड्युटीला जाण्याआधी माझ्याजवळ बसून मला काय होतंय ते विचारणार होती. अशा सुखासाठी माणूस काविळीलाही तयार होईल.

पहिल्या दिवशी ती कॉटच्या कडेला बसली, माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "कसं वाटतंय?"

किती दिवसांनी विचारलं होतं कुणीतरी! मी विरघळलोच.

"छातीत दुखतंय. डाव्या हातात कळ जाते."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"अरे विद्या, नीट सांग हं! रात्री झोप लागते?"

"एकट्याला नाही लागत."

इरा खाली मान घालून पुटपुटली, "पेशंट सहकार्य करत नाही." पण बोटं मनगटावर जरा जास्तच वेळ राहिली, हे मी नोंदवून ठेवतो.

मग काय, मी भूमिकेत शिरलो! कण्हणं सुधारलं. कपाळावर पाणी शिंपडून घाम आणला. प्रश्न आला की उत्तर तोंडातून आपोआप पडायला लागलं. इराची तयारी झकास चालली होती आणि मी दिवसभर स्टोअरमध्ये संध्याकाळची वाट बघत बसायचो.

पण आमच्या कन्नमवारनगरच्या भिंती! शेजारच्या रत्नप्रभाकाकूंनी फोडणी दिली की शिंक मला येते. मग माझं कण्हणं त्यांच्याकडे पोचणारच. एके दिवशी त्या बिनमिठाची मुगाची खिचडी घेऊन दारात हजर!

"काकू, मला काही झालेलं नाही. ही परीक्षेची तयारी चाललीय!"

काकूंचे डोळे भरून आले. "देव चांगल्या माणसांचीच परीक्षा बघतो रे बाबा," म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्यांनी कांजूरमार्गला माझ्या शकुआत्याला फोन लावला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी इरा पांढरा कोट इस्त्री करून, देवाला नमस्कार करून दार उघडते, तर समोर शकुआत्या! हातात नारळ, पाठीमागे अख्खी भावकी.

"खंय चललंस गो?"

"आत्या, घाटकोपरला. परीक्षा आहे माझी."

"घोव हातरुणार पडलो आसा नि तू परीक्षेक चललंस?"

"आत्या, मी ठणठणीत आहे!" मी कॉटवरून उडी मारली आणि चार बैठका काढून दाखवल्या.

"बघा, दुखना लपयता! ह्येचो आजो पन असोच हुतो. जीव जायसर हसत ऱ्हवलो!"

चार चुलतभावांनी मला उचलून परत कॉटवर आडवा केला. आत्याने नारळ पुढे ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे संकट आलं की देवाला असं मोठ्याने सांगायचं असतं, आणि बाकीच्यांनी होकार भरायचा असतो. ते पुरं होईपर्यंत कुणी उंबरठा ओलांडायचा नाही, हा आत्याचा कायदा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकराच्या छातयेत जा काय दुखता..."

"व्हय म्हाराजा!"

आत्याचं गाऱ्हाणं गावच्या वेशीवरून निघतं आणि वाटेतला एकही देव सोडत नाही. अजून ती तळ्याकाठच्या देवळापाशीच होती. दाराशी इरा पर्स छातीशी धरून उभी. एकदा घड्याळाकडे बघायची, एकदा माझ्याकडे. इतक्या वर्षांची तिची इच्छा, आणि मी चार दिवसांच्या लाडांसाठी तिच्या वाटेत आडवा पडलो होतो! तेव्हा मात्र माझ्या छातीत खरंच दुखलं.

आता वाचवलं तर कलाच वाचवणार होती. मी डोळे फिरवले आणि किंचाळलो, "आत्या! कळ आली! हॉस्पिटल! घाटकोपरचं हॉस्पिटल! इराची परीक्षा आहे तेच!"

गाऱ्हाणं तिथल्या तिथे थांबलं! रिक्षा धावल्या. पहिल्या रिक्षात मी, आत्या, नारळ आणि इरा. इराने वाटेत माझा हात असा दाबला की कण्हणं विसरलो आणि हसलोच.

"वाताचा झटको," आत्या म्हणाली.

हॉस्पिटलात पोचल्याबरोबर इरा जिना चढून परीक्षेला पळाली. मला कॅज्युअल्टीत नेलं. मी ठरवलं होतं, डॉक्टरला खरं सांगायचं आणि घरी जायचं. पण त्या तरुण डॉक्टरने विचारलं, "कुठे दुखतंय?" आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं! छाती, डावा हात, जिना चढताना धाप, सगळं ओळीने. महिनाभर घोटलेलं होतं हो! छातीला वायरी लावल्या, कार्डिओग्राम निघाला. एकदम स्वच्छ. "तरी थोडा वेळ नजरेखाली ठेवू," म्हणून मला वर वॉर्डात नेऊन ठेवलं आणि भावकीला वॉचमनने फाटकावरच अडवलं.

जरा वेळाने एक बाई घाईघाईने आल्या. "आज इथे परीक्षा आहे. ठरलेला पेशंट कंटाळून घरी गेला. तुम्ही त्रास फार छान सांगता म्हणे. बसाल का?"

मी नाही म्हणणार होतो. पण "फार छान" म्हटल्यावर संकासुराच्या नातवाने काय करायचं?

पडदा सरकला. दोन परीक्षक, आणि मध्ये इरा!

ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, लॉटरीच की! हा पेशंट तर तिला तोंडपाठ! कुणाला कळणार होतं? मी हळूच डोळा मारला आणि कण्हायला लागलो.

"सुरू करा, सिस्टर," परीक्षक बाई म्हणाल्या.

इराचा हात माझ्या मनगटाकडे आला. तीन बोटं. अगदी जवळ आली, आणि मागे गेली.

"मॅडम, मी ह्यांना तपासू शकत नाही. हे माझे मिस्टर आहेत. आपल्या माणसाला आपण तपासायचं नसतं." मग जरा थांबून, "आणि ह्यांना काहीही झालेलं नाही. ही नाटकं मी महिनाभर बघतेय!"

माझी कळ घशातच राहिली. परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला.

"हे उत्तर पुस्तकात सगळेच वाचतात, वेळेला देतात थोडेच," त्या म्हणाल्या. "चला, पुढच्या बेडवर."

पुढच्या बेडवर एक गुजराती आजी होत्या. पडद्याआडून मला इराचा आवाज ऐकू आला, तोच हळू आवाज. "कैसा लग रहा है, बा?" आजी भडाभडा बोलायला लागल्या. आणि मी पलीकडे पडून जळत होतो! माझा प्रश्न होता तो!

इरा पास झाली. परवाना आला. मुलुंडला तिला स्वतःची खोली मिळाली, दारावर नाव लागलं, बाहेर बाकावर रांग लागली. पहिल्यांदा स्वतःच्या सहीने औषध दिलं त्या दिवशी घरी येऊन कितीतरी वेळ नुसती हसत बसली होती. तिला तसं बघून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर खोकलो.

"नाक्यावरच्या डॉक्टरला दाखव," इरा म्हणाली. "घरच्यांना मी तपासत नाही."

"म्हणजे मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत सगळ्यांना तपासणार, फक्त मला नाही?"

"नियम आहे ना!"

रत्नप्रभाकाकू मुद्दाम मुलुंडला जाऊन गुडघे दाखवून आल्या. "काय गोड विचारते रे तुझी बायको, कसं वाटतंय म्हणून!" असं मलाच सांगत होत्या. मी त्यांची खिचडी खात ऐकून घेतलं. त्यांनी अजून मीठ सुरू केलेलं नाही.

परवा संध्याकाळी इरा घरी आली आणि पर्स मांडीवर ठेवून सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली. मी हळूच शेजारी जाऊन बसलो. तिचा हात हातात घेतला आणि मनगटावर अंगठा ठेवला. मला कुठे नियम लागू होता? धडधड, धडधड! चांगलीच लागत होती.

"अंगठा नाही," डोळे न उघडता इरा म्हणाली. "तीन बोटं. अंगठ्याने स्वतःचीच नाडी लागते."

"म्हणजे ही माझी आहे?"

"हं."

"फार जोरात पळतेय गं!"

"नाक्यावर दाखव," ती म्हणाली, आणि हात माझ्याच हातात ठेवून घोरायला लागली.