चार नंबरचा राजमा

झाशीच्या सरकारी कृषी संशोधन कार्यालयातली वाळवणाची भट्टी तीन आठवडे बंद होती. म्हणून भोगीच्या दिवशी जनार्दनरावांनी राजम्याच्या सहा जातींची उपटलेली झाडं खंडेराव गेटजवळच्या आपल्या गच्चीवर पसरली. मुळांपासून शेंगांपर्यंत सगळं वाळवून तोलायचं. जी जात भारी भरेल ती पुढे जाणार. चार नंबरची जात त्यांनी सात वर्षं निवडून निवडून घडवली होती. मार्चात निवृत्ती. मागे ठेवावं असं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी ते गच्चीवर गेले, तेव्हा पाच जुड्या शाबूत होत्या. चार नंबरला नुसता पाला होता.

"शारदा, शेंगा कुठायत?" त्यांनी खाली येऊन बायकोला विचारलं.

"सुगडांत घातल्या. हिरव्या शेंगा लागतातच. मानिक चौकात मिळाल्या नाहीत."

"मग सगळ्या चार नंबरच्याच?"

"बाकीच्या किडकिडीत होत्या. अकरा घरी सुगडं द्यायची, लाज नको?"

सात वर्षं ज्या निकालाची वाट पाहिली तो लागला होता. फक्त ग्रॅममध्ये नव्हता.

ते पिशवी घेऊन अकरांतल्या पहिल्या घरी, जानकीकाकूंकडे गेले.

"काकू, शेंगा परत हव्या होत्या. तोलून आणून देतो."

"सवाष्णीनं दिलेलं परत मागतोस? झाशीत मराठी घरं उरली किती, त्यांत हा नवा रिवाज नको, भैया."

अंबिकाबाईंनी तर उसळ केली होती. त्यांनी वाटी पुढे केली. जनार्दनरावांनी ती खाल्ली नाही, हातात धरून वजनाचा अंदाज घेतला.

"पाणी किती घातलंत?"

"रस्सा आवडत नाही का तुम्हाला?"

उरलेल्या नऊ घरी ते गेले नाहीत.

महिन्याभरानं साहेबांनी वजनांचा तक्ता पाहिला. चार नंबरपुढे शेंगांच्या रकान्यात शून्य होतं. "जनार्दन जी, चार नंबर में फली आती ही नहीं?"

खरं सांगितलं असतं तर सरकारी झाडं घरी का नेली, तेही सांगावं लागलं असतं. आणि पेन्शनचे कागद याच टेबलावर होते.

"नहीं आती, साहब," ते म्हणाले.

जात रद्द झाली. गोदामातलं तिचं बियाणं जनावरांपुढे गेलं.

पुढच्या संक्रांतीला जानकीकाकूंनी शारदाबाईंना गाठलं. "सुगडात गेल्या वर्षीच्याच शेंगा घाल हं. तशा पुन्हा पाहिल्या नाहीत."

"त्या आता मिळायच्या नाहीत, काकू," शारदाबाई म्हणाल्या. "त्या झाडाला शेंगा येत नाहीत, असं सरकारात ठरलंय. यांचीच सही आहे."