चावतो का? हो / नाही

एकोणीस वर्षं श्रीधर कोड लिहून जेवत होता. आणि आता, ‘कोड न लिहिता जेवून दाखवा’ असं त्याला सांगण्यात आलं होतं.

हडपसरच्या त्याच्या कंपनीने लो-कोड नावाचं नवं टूल आणलं होतं. त्यात लिहायचं काहीच नाही. डावीकडून चौकोन उचलायचा, मधे टाकायचा, दोन चौकोनांमध्ये बाण ओढायचा, की झालं ॲप तयार! प्रत्येकाने एकेक ॲप करायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मॅनेजर आमोद सरांपुढे चालवून दाखवायचं. जमलं तर टीममध्ये राहायचं. नाही जमलं तर सोमवारपासून ट्रेनिंग, आणि तेही बावीस वर्षांच्या स्पृहाच्या हाताखाली. श्रीधरच्या वाट्याला कर्मचाऱ्यांच्या सुट्टीचं ॲप आलं होतं.

“सर, किती सोप्पंय!” स्पृहा म्हणाली. “चौकोन घ्या, ओढा, सोडा.”

“मी बँकांच्या सिस्टिम लिहिल्यात, स्पृहा. आता काय रांगोळी काढत बसू?”

“रांगोळी अवघड असते, सर.”

शेवटी श्रीधरने तेच केलं जे कुठलाही हाडाचा प्रोग्रॅमर करतो. दुसऱ्याचं चालू काम उचललं. टूलमध्ये तयार नमुने होते : केकचं दुकान, ब्यूटी पार्लर, प्राण्यांचा दवाखाना. त्याने दवाखाना घेतला. अर्ज होता, तारखा होत्या, डॉक्टरांची परवानगी होती. आणखी काय हवं? दिसेल तिथे ‘प्राणी’ खोडून ‘कर्मचारी’ केलं, ‘डॉक्टर’ खोडून ‘मॅनेजर’ केलं. सुट्टीवरच्या माणसाचं कार्ड गेटवर चालता कामा नये असा नियम होता, म्हणून एक बाण गेटलाही जोडला. मग चाचणीसाठी एक नाव हवं होतं, तर आमोद सरांचंच टाकलं. फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न खोडायचा राहून गेला होता : ‘चावतो का? हो / नाही.’ उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. श्रीधर प्रामाणिक माणूस. त्याने ‘हो’ दाबलं.

आणि शुक्रवारी तीन वाजता आमोद सर समोरच्या टपरीवर चहा प्यायला बाहेर पडले.

सव्वातीनला फोन आला. “श्रीधर सर, रंगनाथ बोलतोय, गेटवरनं. आमोद सायेब हितं हायत, पर मशीन आत घेईना झालंय.”

“काय म्हणतंय मशीन?”

“लालभडक अक्षरात लिवलंय. चावा घेतल्याची नोंद. दहा दिवस निरीक्षणाखाली. इतरांपासून वेगळे ठेवा.” रंगनाथने जरा दम घेतला. “म्या ठिवलंय वेगळं. जनरेटरपाशी.”

श्रीधरने घाईने ॲप उघडलं. कोड असता तर त्याने दोन मिनिटांत ती ओळ शोधून उडवली असती. इथे ओळच नव्हती! बेचाळीस चौकोन, आणि त्यांच्यातून नूडल्ससारखे गेलेले बाण.

“स्पृहा! निरीक्षणाचा बाण कुठला?”

“पिवळा असेल. तोडून बघा.”

श्रीधरने पिवळा तोडला. लगेच फोन.

“सायेब, आता मशीन रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड मागतंय. आमोद सायेबांनी आधार कार्ड दावलं, पर चालंना.”

मागून आरोळी ऐकू आली, “श्रीधर! मी तुला बघून घेईन! फाडून खाईन!”

“ऐकलंत?” रंगनाथ गंभीरपणे म्हणाला. “लक्षणं हायत.”

स्पृहा हसून हसून खुर्चीवरून खाली आली. श्रीधरने घाबऱ्याघुबऱ्या निळा बाण ओढून भलत्याच चौकोनाला जोडला. ॲप खूश झालं. त्याने आमोद सरांच्या माहितीतून घरचा नंबर आपणहून शोधला आणि मेसेज धाडला : ‘मालकाने त्वरित येऊन सही करून घेऊन जावे.’

सरांच्या पत्नी अस्मिता वहिनी धायरीहून स्कूटरवर निघाल्या त्या पावणेपाचला गेटवर हजर. श्रीधर धापा टाकत खाली पोचला, तेव्हा रंगनाथ वही पुढे करून विचारत होता, “मालक कोन?”

“मीच,” वहिनी म्हणाल्या. जरासुद्धा अडखळल्या नाहीत.

“चावत्यात का?”

“घरी नाही. ऑफिसातलं मला माहीत नाही.”

“अस्मिता, अगं पाचला मला यांची परीक्षा घ्यायचीय! हा नापास आहे! श्रीधर, तू नापास!”

“अहो, मुकाट बसा मागे. इंजेक्शनवाला डॉक्टर सहाला दवाखाना बंद करतो.”

स्कूटर गेली. ‘नापास, नापास’ सिग्नलपर्यंत ऐकू येत राहिलं.

श्रीधर वर आला तो सोमवारची मनाची तयारी करूनच. पण परीक्षकच उरला नव्हता, म्हणून कंपनीच्या सर्वांत मोठ्या साहेब, सुहासिनी मॅडम, स्वतः येऊन बसल्या होत्या. मॅडम कमी बोलत आणि बोलल्या की समोरच्याला प्यायला पाणी लागे.

“ॲप चालतं?”

“चालतं, मॅडम. कुणाचं ऐकत नाही, पण चालतं.”

“गेटपर्यंत पोचतं?”

“गेटच्याही पुढे पोचलंय.”

“कोड किती लिहिलात?”

“एक ओळसुद्धा नाही!” श्रीधर एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला.

“उत्तम. पास.”

स्पृहाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मॅडमनी खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

“माझा एक अर्ज भरा. दोन दिवसांची सुट्टी. दोन वर्षांत घेतलेली नाही.”

श्रीधरने नाव भरलं, तारखा भरल्या आणि तळाच्या प्रश्नावर त्याचं बोट थिजलं. पास होऊन अजून पुरतं मिनिटही झालं नव्हतं.

“मॅडम, इथे मी... ‘नाही’ करतो हं.”

मॅडमनी प्रश्न वाचला. “‘नाही’ला किती दिवस मिळतात?”

“दोन.”

“आणि ‘हो’ला?”

“दहा.”

मॅडमनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“मग ‘हो’ करा. आणि पुरावा लागत असेल, तर हात द्या तुमचा इकडे.”