छकुल्या गवा जाणता होतो

एका जंगलात एक गवा राहत होता. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. सांगितलं तर उद्या तिथं फोटो काढायला जाल.

बसा बाळांनो. मोबाईल खाली ठेवा. होय, तुम्हालाच म्हणतोय. केसांना कलप लावणारी बाळं पुढं बसू द्या. पोट सुटलं तरी जे आईला फोन करून विचारतात की भाताला पाणी किती घालू, त्यांनी अगदी पुढं.

तर गवा. गवा म्हणजे भला दांडगा. वशिंड टेकाडासारखं, शिंगं हातभर, आणि चारी पाय गुडघ्यापासून खाली पांढरे. मोजे चढवून शाळेत निघालाय असं वाटावं.

नाव त्याचं काहीतरी भारदस्त ठेवलं होतं. पण लहानपणी आई छकुल्या म्हणायची आणि कळपानं तेच धरलं. पुढं त्याचं लग्न झालं. चार वासरं झाली. थोरली लेक दुसऱ्या कळपात दिली. तरी हा छकुल्याच. हसू नका. तुमच्यातले पन्नाशीचे बंटी आणि पिंटू मला ठाऊक आहेत.

छकुल्याला एक खोड होती. चतुर दिसला की त्याच्या मागं धावायचं. चतुर म्हणजे तो लांब शेपटीचा किडा हो, ज्याच्या शेपटीला दोरा बांधून आपण त्याला छळायचो. रोज तळ्यावर जायचा आणि एवढा मोठा गवा शेपूट वर करून चतुरामागं उड्या मारायचा. आजवर एकही सापडला नव्हता. पण हौस फिटत नव्हती.

आता कळपाची रीत ऐका. चैत्रात तळं आटायचं. मग कळपातला सगळ्यात जाणता गवा खडकावर चढायचा. डोळे मिटायचा. नाक वर करून वारा हुंगायचा. सगळे श्वास धरून उभे. मग तो म्हणायचा, "हं." बस, एवढंच. आणि एका दिशेला चालू लागायचा. कळप त्याच्या मागं. तो नेईल तिथं पाणी.

बरीच वर्षं हे काम दाजीबा गव्यानं केलं. दाजीबा फार कमी बोलायचा. त्यामुळं त्याला फार कळतं असं सगळे म्हणायचे. फाल्गुनात एका दुपारी दाजीबा रवंथ करता करता गेला. जबडा थांबला तेव्हा कळपाला कळलं.

रडारड झाली. दिवस झाले. आणि पुढच्याच आठवड्यात वाळकं झाड कडाड करून कळपाच्या मधोमध पडलं. वासरं खाली अडकली. एकच आरडाओरडा. छकुल्यापण ओरडला, "अरे, मोठ्या कुणाला तरी बोलवा रे!"

सगळे एकदम वळले. आणि छकुल्याकडं बघू लागले.

छकुल्यानं मागं वळून बघितलं. मागं एक वारूळ होतं.

"इकडं बघा, इकडं," त्याची बायको तानूबाई म्हणाली. "मोठे आता तुम्हीच."

"मी?"

"मग काय वारूळ? दाजीबा गेले. तुमच्यावर कोण उरलंय?"

"अगं पण मी तर..."

"काल चतुरामागं धावत होता, ठाऊक आहे मला. सगळ्या कळपाला ठाऊक आहे. आता ते झाड उचला आधी."

छकुल्यानं शिंगं घालून झाड उचललं. ते त्याला जमलं. ताकद होती. पण त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली गवत उतरेना. चैत्र तोंडावर आलेला. तळ्यात गुडघाभर चिखल उरलेला. खडकावर आता आपण चढायचं. आणि आपल्याला तर वाऱ्यात फक्त वारा येतो.

त्याला वाटायचं, एक दिवस सकाळी उठल्यावर आपण आपोआप मोठे होऊ. शिंगं फुटली तशी अक्कल फुटेल. लग्नाच्या वेळी वाटलं, आता होईल. पहिलं वासरू झालं तेव्हा वाटलं, आता तरी. वशिंडावरचे केस झडायला लागले. आत मात्र तोच होता, आईच्या पोटाखाली उभा राहून पावसाला घाबरणारा.

त्याच जंगलात एक मुंगूस होता. मुंगूसराव. त्यानं शिबिर काढलं होतं, 'सात दिवसांत जाणते व्हा.' फी म्हणून आपल्या अंगावरच्या गोचिड्या त्याला खाऊ द्यायच्या. त्यानं कधी कळप चालवला नव्हता. तो बिळात एकटा राहायचा. पण शिकवायला काय लागतं? समोर बसणारा लागतो.

छकुल्या लपतछपत तिथं गेला. बघतो तर काय, अर्धं जंगल तिथं. नातवंडं असलेला वानरांचा म्होरक्या. बारा टोकांच्या शिंगांचा सांबर. म्हातारं अस्वल, ज्याला सगळे भांडणं मिटवायला बोलवायचे. सगळे एकमेकांची नजर चुकवत होते.

"मी सहजच आलो होतो," अस्वल म्हणालं.

"मी पण," सांबर म्हणाला. "हवा बरी आहे इकडं."

मुंगूसरावानं शिकवायला सुरुवात केली. "पहिला धडा. कुणी काही विचारलं की आधी खाकरायचं. मग म्हणायचं, बघू."

"बघू," सगळे म्हणाले.

"दुसरा धडा. बसताना आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून आई गं म्हणायचं."

"मला गुडघ्यावर हात ठेवता येत नाही," छकुल्या म्हणाला.

"मग नुसतं आई गं म्हणा. तिसरा धडा. तरुणांचं काहीही बघितलं की म्हणायचं, आमच्या वेळी असं नव्हतं."

"पण आमच्या वेळी असंच होतं," वानर म्हणालं.

"ते मनात ठेवायचं. हाच चौथा धडा."

सातव्या दिवशी मुंगूसरावानं सगळ्यांना पळसाचं एकेक पान दिलं. त्यावर त्याच्या पंजाचा ठसा. हाच जाणतेपणाचा दाखला. छकुल्याच्या अंगावर एक गोचीड उरली नव्हती. तेवढाच काय तो फायदा.

पान शिंगात अडकवून तो घरी आला. तानूबाईनं पान बघितलं. "हे काय?"

छकुल्या खाकरला. "बघू," तो म्हणाला.

"काय बघू? मी विचारतेय हे काय, तर म्हणे बघू!" तिनं पान काढलं आणि खाऊन टाकलं. बायका कुठल्याही दाखल्याचा मान ठेवत नाहीत.

चैत्र आला. तळं आटलं. एका सकाळी छकुल्या खडकावर चढला. खाली पन्नास गवे माना वर करून उभे. डोळे मिटून त्यानं वारा हुंगला. जवळच्या करवंदीचा वास आला. तानूबाईचा वास आला. पाण्याचा काही आला नाही. पूर्वेला तोंड केलं की डोळ्यांवर ऊन यायचं. म्हणून तो पश्चिमेला वळला. एवढंच कारण.

"हं," तो म्हणाला.

"वा!" कळप म्हणाला. "अगदी दाजीबांसारखं."

निघाले. पहिला दिवस चालले. दुसरा दिवस चालले. वाटेत एक ओढा लागला. त्यात दगड होते, पाणी नव्हतं.

"छकुल्यादादा, अजून किती?" तरणे गवे विचारायचे.

"आलंच," छकुल्या म्हणायचा. पुढं वळण आलं की म्हणायचा, "या वळणापलीकडं." वळणापलीकडं आणखी एक वळण असायचं.

तिसऱ्या दिवशी वासरांच्या जिभा बाहेर आल्या. त्याचं धाकटं वासरू तानूबाईच्या पायांत अडखळत चाललं होतं. ती जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "अहो, खरं सांगा. कळतंय ना तुम्हाला काही?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू."

ती नुसती बघत राहिली. भांडली असती तर बरं, असं छकुल्याला वाटलं.

तेवढ्यात मागून हाक आली. सगुणाकाकू बसली होती. दाजीबाची बायको. पाय दुमडून अशी बसली की आता उठायचा विचार नव्हता. छकुल्या मागं गेला. बाकीच्यांना लांब थांबवलं. काकूच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याचा बांध फुटला.

"काकू, मला काही कळत नाही. एक शब्द खोटा नाही सांगत. दाजीबा काय हुंगायचे? कसला वास असतो पाण्याचा? मला सांगा, नाहीतर सगळे मरतील माझ्यामुळं."

काकूनं एक डोळा उघडला. आणि ती हसली. घसा कोरडा पडलेला, तरी हसली.

"अरे मेल्या, त्यांना नाक होतं कुठं? बारमाही पडसं. फणस फुटला तरी मी सांगायची, तेव्हा कळायचं."

"मग पाणी?"

"आदल्या संध्याकाळी माझ्या मानेखाली डोकं खुपसून रडायचे. सगुणे, मला काही कळत नाही, मोठं कुणी असतं तर विचारलं असतं, म्हणून. आणि सकाळी उठून खडकावर हं."

"पण पाणी सापडायचं ना!"

"सापडायचं कधी. कधी नाही. एके वर्षी नाहीच सापडलं. दोन म्हाताऱ्या आणि एक वासरू गेलं. तेव्हा हे म्हणाले, हे वर्ष संयमाचं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तूपण डोलावली होतीस."

छकुल्याला ते आठवलं. मान डोलावताना किती बरं वाटलं होतं. मोठ्यांना सगळं कळतं, या विचारानं त्या वर्षी त्याला शांत झोप लागली होती.

तो तिथंच उभा राहिला. आता कुणालाच विचारायचं उरलं नव्हतं. रडू येत होतं, पण पन्नास गवे बघत होते.

आणि नेमका तेव्हा नाकासमोरून एक चतुर गेला. लाल शेपटीचा.

बाळांनो, इथं जाणत्या माणसानं काय केलं असतं? दुर्लक्ष केलं असतं. छकुल्यानं शेपूट वर केलं आणि धावत सुटला. विचार केला नाही. दुःखात होता, तहानलेला होता, आणि चतुर लाल होता.

"वास लागला!" कुणीतरी ओरडलं. "दादांना वास लागला!" आणि सगळा कळप त्याच्या मागं धावला. सगुणाकाकूसुद्धा उठली. मरायला टेकलेली बाईसुद्धा गर्दी कुठं निघाली ते बघायला उठते.

चतुर झुडपांतून गेला. छकुल्या झुडपांतून गेला. चतुर कड्याखाली उतरला. छकुल्या घसरला आणि धप्पकन डोहात पडला.

डोह. काळाभोर, खोल, थंडगार पाणी. वर पन्नास चतुर भिरभिरत होते. चतुर पाण्याच्या आसपासच असतो, हे छकुल्याला ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं मागं धावला, पण एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही.

कळप पाण्याला लागला. पोटं भरली तशी तोंडं सुटली.

"काय नाक आहे!"

"शेवटी अनुभव तो अनुभव."

"अरे, कसला अनुभव!" छकुल्या म्हणाला. त्याला खोटं सोसवेना. "मी चतुर पकडत होतो. मला काही कळत नाही. देवाशपथ."

सगळ्यांनी पाण्यातून तोंडं वर काढली. मग एक पोक्त गवा डोळे पुसत म्हणाला, "बघा पोरांनो. खरा मोठा असा असतो. जराही गर्व नाही."

छकुल्यानं तानूबाईकडं बघितलं. तिला खरं काय ते ठाऊक होतं. ती धाकट्याला पाणी पाजत होती. वर न बघता म्हणाली, "गप्प बसा आता. तेवढं तरी जमेल ना?"

ते जमलं. हळूहळू छान जमलं.

मुंगूसरावानं शिबिरात पाचवा धडा घातला. हुंगून झाल्यावर छकुल्यासारखं शेपूट वर करून तिरकं धावायचं. उन्हाळ्यात आता जंगलातली सगळी वयस्कर जनावरं तिरकी धावताना दिसतात. दोन-तीन कड्यावरून पडली. ते वर्ष संयमाचं होतं.

त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाला कळप जुन्या जागी परतला आणि पुन्हा एक झाड कडाडून पडलं. पुन्हा धावपळ, पुन्हा ओरडा. "मोठ्यांना बोलवा! मोठ्यांना बोलवा!"

छकुल्यानं पटकन मागं वळून बघितलं.

वारूळच होतं. आधीपेक्षा थोडं उंच झालं होतं.

मग तो पुढं वळला, खाकरला आणि म्हणाला, "हं."

तात्पर्य: जो जाणता दिसतो, त्याच्या मागं खुशाल चालावं. त्याला रस्ता ठाऊक नसतो, पण आपल्यालाही नसतो, आणि चुकलं तर शिव्या द्यायला कुणीतरी हाताशी असतं. आणि तुम्हालाच कुणी मोठं म्हणून हाक मारली, तर मागं वळून बघायचं ते एकदाच, आणि कुणाला दिसणार नाही असं. चला, उठा आता. आईला सांगा, भाताला दुप्पट पाणी. तिलाही अंदाजच आहे.