चौथी पट्टी

टिकेशच्या खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या होत्या आणि जागेश्वरमामाजींच्या खांद्यावर चार. या एका पट्टीने टिकेशच्या तोंडचा घास कडू केला होता. दोघंही गोंदियाजवळच्या गोरेगावचे, नात्याने मामा-भाचे, दोघंही एकाच विमान कंपनीत. पण मामाजी कॅप्टन आणि टिकेश सहवैमानिक. गावाच्या मते जो चालवतो तो ड्रायव्हर आणि बाजूला बसतो तो कंडक्टर. खुद्द टिकेशची आई तुलसाबाई दर दिवाळीला विचारायची, "जागेश्वर चालवते, मंग तू तेथं काय करून रायतेस?" विमान मीही उडवतो, उतरवतो, असं त्याने पुष्कळ समजावलं. तिने ते ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, की पोराला अधूनमधून चालवू देतात.

मामाजींचं सगळंच टिकेशला खुपायचं. न्हाव्याकडे त्यांना नंबर लावावा लागत नसे, लग्नात त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची असे. तुलसाबाईच्या अनरशांचा पहिला डबाही त्यांच्याच घरी जाई. टिकेश एवढ्या आशेवर जगत होता, की फेब्रुवारीत मामाजी अठ्ठावन्नचे होतील, निवृत्त होतील आणि बढतीच्या यादीतलं पुढचं नाव आपलं आहे.

अशात वैमानिकांच्या संघटनेने कंपनीशी नव्या कराराची बोलणी काढली. निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ करायला कंपनी राजी होती. फक्त सभासदांचं बहुमत हवं होतं. कॅप्टन मंडळी साठच्या बाजूने, सहवैमानिक अठ्ठावन्नच्या, आणि पारडं अगदी सारखं. नेमक्या मतदानाच्या दिवशी दोघंही मंडईसाठी गावात होते. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्रा. तिला आलं नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. सुटीवरच्यांना नागपूरच्या ऑफिसात संध्याकाळी पाचपर्यंत मत देता येणार होतं. त्यासाठी गोंदियाहून एकची गाडी धरणं भाग होतं.

ती गाडी मामाजींची चुकावी म्हणून टिकेशने मंडई समितीचे अध्यक्ष बकाराम यांना गाठलं आणि मामाजींचा जाहीर सत्कार सुचवला.

"सत्कार कायले?" बकारामने विचारलं. "मागच्याच साली केला ना."

टिकेश म्हणाला, आता ते निवृत्त होणार, गावाचं काही कर्तव्य आहे की नाही. बकारामला कर्तव्याचा मोह फार. शिवाय टिकेशने भजनी मंडळ, शाळा, समाजाची मंडळं, सगळ्यांना वेगवेगळं सांगून ठेवलं, की शाल-श्रीफळ आपापलं आणा आणि दोन शब्द जरूर बोला. दोन शब्द म्हणजे गोरेगावात किती वेळ हे त्याला ठाऊक होतं. स्वतःची मोटारसायकल त्याने मंडपामागे तयार ठेवली.

दहाला सत्कार सुरू झाला. अकरापर्यंत मामाजींच्या अंगावर नऊ शाली चढल्या. हरेक वक्ता सांगू लागला, की असा गडी म्हातारा होत नसतो, त्यांनी गावासाठी उडतच राहावं. सत्कार निरोपाचा आहे हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. साडेअकराला मामाजी टिकेशच्या कानाशी वाकले.

"टिकेश, मले एकची गाडी पकडा लागते ना बाबा."

"पुष्कळ टाइम आहे, मामाजी. लोकाईचं मन कायले मोडता?" टिकेश म्हणाला. गेल्या कित्येक वर्षांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

बाराला तो हळूच उठला. मंडपाच्या कडेला पोहोचतो तोच बकारामने लाउडस्पीकरवरून हाक दिली, की कॅप्टनसाहेबांच्या बाजूला बसणाऱ्या आपल्या टिकेशचाही सत्कार होणार आहे, त्याने पळू नये. चार जणांनी त्याला प्रेमाने धरून आणलं. जेवढ्या मंडळांनी मामाजींना शाली दिल्या होत्या, त्या सगळ्यांनी टिकेशलाही आणल्या होत्या; एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हे गावात चालत नाही. वर आभारप्रदर्शन त्याच्याच गळ्यात होतं आणि एक नाव जरी राहिलं तर तो माणूस जन्माचा रुसणार. आभार संपले तेव्हा पावणेदोन वाजले होते.

दोघं शालींच्या ढिगाशेजारी बसले. टिकेशने मनातल्या मनात हिशेब केला: आपलं मत गेलं खरं, पण त्यांचंही गेलं. बरोबरी झाली.

मामाजींनी गळ्यातला हार काढला. "मत गेलं माझं," ते म्हणाले. "मी अठ्ठावन्नलेच देनार होतो."

टिकेशला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काऊन पण?"

"थकलो ना आता. धानाकडं पाहीन म्हटलं. आन तुह्याबी खुर्चीचा इचार केला होता. कधीचा वाट पाहून रायला तू."

मतदान गेलं तर गेलं, राजीनामा तर देता येतो, असं टिकेशने सुचवून पाहिलं.

"हो, ते त होतं मनात," मामाजी म्हणाले. "पन आता कसा देऊ? साऱ्या गावानं उडत राहा म्हटलं."

शेजारी बसून शालींच्या घड्या घालणाऱ्या नंदामामींनीही मान डोलावली. माणूस घरी बसून काय करणार, ही चिंता त्यांना वर्षभर होती आणि ती टिकेशने मिटवली, असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी निकालाचा फोन आला. साठची मागणी एका मताने मंजूर झाली होती. दोन मतं जागेवर पडली असती तर उलटं झालं असतं, हे टिकेशने बोटांवर तीनदा मोजून पाहिलं. तिन्ही वेळा तेच आलं.

तेवढ्यात मामाजी पेढे घेऊन दारात उभे. एवढा सत्कार सख्ख्या पोरानेही केला नसता, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुह्यासाठी काही तरी करा लागते म्हटलं," ते म्हणाले. "ड्यूटी लावनाऱ्या साहेबासंग आताच बोललो. आता दोन साल माह्या बाजूले तूच."

तुलसाबाईने आतून खूण केली, आणि टिकेशने वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.