वाजंत्र्यांना जेवायला बसवा

आमच्या कॉलनीत दुपारी चार वाजता एका घरात टीव्ही सुरू व्हायचा आणि पाचच मिनिटांत त्या घरातून भांडणाचा आवाज यायला लागायचा. तो टीव्हीचा नसायचा. टीव्ही मुका असायचा, आवाज पार शून्यावर. भांडत असायचे त्याच्यासमोर बसलेले दोन म्हातारे, आणि भांडणाचा विषय एकच, पडद्यावरची बाई आत्ता नेमकं काय बोलली.

घर भास्करराव शेळक्यांचं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. तिथं पत्र्यावर दिवसभर धडाधड प्रेस आदळायचे. कानात घालायला बोळे मिळायचे, पण भास्करराव ते घरी आणून दाराच्या फटीत बसवायचे, कारण दार वाऱ्यानं आपटायचं. दार अजून शाबूत आहे. कान गेले.

पुरते गेले असते तरी एक वेळ बरं होतं. शांत खोलीत समोर बसून बोललं तर त्यांना सगळं कळतं. पण बोलण्यामागं दुसरा आवाज आला की त्याची खिचडी होते. आणि हल्लीच्या मालिकांमध्ये मागं काही वाजत नाही असा क्षण शोधून दाखवा. सून चहा घेऊन आली की ढोल. सासूनं मान वळवली की तीनदा वीज कडाडते. भास्कररावांचं त्यावर एकच म्हणणं असतं, "आधी वाजंत्र्यांना जेवायला बसवा."

गावाकडच्या लग्नात वाजंत्री जेवायला बसले की मगच माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं, हा त्यांचा अनुभव. पुढं हे वाक्य त्यांनी कुठंही वापरायला सुरुवात केली. कॉलनीच्या बैठकीत चारजण एकदम बोलू लागले, शेजारची पाण्याची मोटर घरघरायला लागली, नातू रडायला लागला, की वाजंत्र्यांना जेवायला बसवा.

मुलानं बापाची अडचण ओळखून औरंगपुऱ्यातून टीव्हीला जोडायचा भलामोठा स्पीकर आणला. भास्कररावांनी दोन दिवस तो ऐकला. मग मला म्हणाले, "सर, बोलणं हाय तिथंच हाय. वाजंत्री तेवढे दुप्पट झाले." त्यांनी वाहिनीला तीन पत्रंही लिहिली. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडं आणली होती म्हणून मला मजकूर पाठ आहे. ‘आपल्या मालिकेतली माणसं घरंदाज दिसतात. कृपया त्यांना बोलू द्यावे.’ उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांनी रागानं आवाज शून्यावर नेला आणि मागच्या गल्लीतून सलीमभाईंना बोलावून घेतलं.

सलीमभाई त्याच प्रेस शॉपमधले, अगदी समोरच्या मशीनवरचे. त्या गदारोळात ओरडून काही उपयोग नसायचा, म्हणून तिथले कामगार आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचे. सव्वीस वर्षं हे दोघे तसेच बोलले. मुलांची लग्नं, बायकांची आजारपणं, फोरमनची निंदा, सगळं बिनआवाजी. फोरमन मध्ये उभा राहायचा आणि त्याला वाटायचं, दोघं तंबाखू चघळताहेत.

तर असे हे दोघे ओठ वाचणारे विद्वान मुक्या टीव्हीसमोर बसू लागले. भास्करराव म्हणायचे, ती म्हणाली मी हे घर सोडणार नाय. सलीमभाई म्हणायचे, "नक्को बोल भास्कर, घर का नाम बी नहीं ली वो. बोलरी, मेरे को भूक लगी." मराठी मालिकेतली ती खानदानी सून सलीमभाईंच्या तोंडून अस्सल दखनी बोलायची आणि मला ती तशीच जास्त आवडायची.

तंटा मिटेना तेव्हा पंच म्हणून मला नेमण्यात आलं. चार वाजता लागायचा तो आदल्या संध्याकाळचाच भाग. तो मी घरी बायकोबरोबर आवाजासकट पाहिलेला असायचा, म्हणजे माझ्याकडं उत्तरपत्रिका तयार. शिवाय मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे आणि कुणाला फुकटचा अर्धा मार्क दिलेला नाही, ही माझी ख्याती. निकाल बहुतेक वेळा सलीमभाईंच्या बाजूनं लागायचा. भास्कररावांनी तो कधी मानला नाही. "सर, तुमच्या टीव्हीतच फरक असंल," असं म्हणून ते चहा मागवायचे. मलाही त्यांनी ती विद्या शिकवायचा प्रयत्न केला. पंधरा दिवस समोर बसवून ओठ हलवले. मला एक अक्षर कळलं नाही आणि मी नापास झालो.

मागच्या दिवाळीनंतर भांडण थांबलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग समोरच्या वहिनी म्हणाल्या, चार वाजल्याचं हल्ली कळतच नाही, दूध तापवायचं राहून जातं. मला पंच म्हणून शेवटचं बोलावणं आल्यालाही महिना झाला होता. एक दिवस मीच गेलो. दोघे शेजारीशेजारी शांत बसले होते. पडद्यावर ती सून सासऱ्यासमोर उभी राहून हातवारे करत होती. आदल्या दिवशी मी स्वतः ऐकलं होतं, ती त्याला घराबाहेर काढायची धमकी देत होती.

सलीमभाई सांगत होते, "बोलरी, अब्बा, मैं जुम्मे को आती. तुम टाइम पे खाना खाते जाओ."

मी भास्कररावांकडं पाहिलं. ते म्हणाले, "व्हय. बरोबर."

तासाभरात मालिकेतली सगळी माणसं सलीमभाईंच्या तोंडून गोड झाली. खलनायकानं आईची तब्येत विचारली. पोलीस इन्स्पेक्टर म्हणाला, बिर्याणी अच्छी बनी. आणि जो माणूस फोरमनला, मुलाला आणि मला आयुष्यात कधी ‘बरोबर’ म्हणाला नाही, तो दर वाक्याला मान डोलवत होता. मला खरंच भीती वाटली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना भास्कररावांना गाठलं. म्हटलं, सलीमभाई भलतंच काहीतरी सांगतात, तुम्हाला कळत नाही का?

ते रस्त्याच्या कडेला थांबले. "सर, मला ओठ वाचता येत नाय व्हय?"

मग हळूहळू सगळं बोलले. प्रेसवर असल्यापासून त्यांचा एक रिवाज होता. रोज एकदा भास्करराव बिनआवाजाची शिवी घालायचे आणि सलीमभाई दोन परत करायचे. टीव्हीसमोरही तो नेम चालू होता. दिवाळीच्या आधी एक दिवस त्यांनी नेहमीसारखी शिवी घातली. सलीमभाई त्यांच्याकडंच तोंड करून बसले होते. परत काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी जरा मोठी घातली. तरी नाही.

"तवा मी त्याच्या पोराला गाठलं. डोळ्याच्या मागचा पडदा गेलाय म्हणं. कडंकडंचं दिसतं, मधलं नाय. रस्ता दिसतो, माणसाचं तोंड दिसत नाय. इलाज नाय म्हणं. पोराला बजावून ठेवलंय त्यानं, भास्कर को बोलना नक्को." त्यांनी टोपी काढून परत घातली. "त्याला वाटतंय, मला कळलं तर मी म्हणंल, आता कशाला येतोस. मग चार वाजता तो कुठं जाईल, सर? आन् मी तरी काय करू?"

 

त्या दिवशी चारला मी मुद्दाम गेलो. पडद्यावर एक बाई दाराशी उभ्या नवऱ्याला चालता हो म्हणत होती. सलीमभाई मान थोडी तिरपी करून, कडेच्या नजरेनं पाहत होते. इतके दिवस मला वाटायचं, मान अवघडली असेल.  मग म्हणाले, "बोलरी, बैठो. इत्ती जल्दी कायकू जाते."

भास्करराव म्हणाले, "बरोबर."

पण त्या दिवशी सलीमभाईंचं समाधान झालं नाही. त्यांना शंका आली असावी. एवढी वर्षं भांडलेला माणूस रोज बरोबर म्हणतो म्हटल्यावर कुणालाही येईल. ते माझ्या दिशेला वळले, माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "सर, तुम तो सुने घर पे. सच्ची बोलो. मैं बराबर बोला क्या?"

त्यांच्या मागून भास्करराव माझ्याकडं पाहत होते. त्यांचे ओठ हलले, आवाज न काढता. जी विद्या पंधरा दिवसांत मला आली नाही ती त्या क्षणी आली.

"सलीमभाई," मी म्हणालो, "शब्दन् शब्द."

ते हसले आणि त्यांनी चहा मागवला. संबंध आयुष्यात चुकीच्या उत्तराला पूर्ण मार्क मी तेव्हा पहिल्यांदाच दिले, आणि आता रोज चार वाजता देतो.