वाढत्या अंगाचं टेबल

खोली दहा फूट बाय बारा फूट. तीत एक पलंग, एक लोखंडी कपाट, एक शिलाई मशीन, गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल, कापडाचे तीन गठ्ठे आणि माणसंही तीनच : टेलरमास्तर, त्यांची बायको आणि दहावीतली मुलगी. मुलगी पलंगाला पाठ टेकून, मांडीवर पुठ्ठा घेऊन अभ्यास करायची. सहामाहीत तिला गणितात एकाहत्तर मिळाले होते. सायन्सला जायचं तर पंच्याऐंशी हवे होते.

खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरच्या मुलाला गेल्या वर्षी दहावीला गणितात चौऱ्याण्णव पडले होते. तो काय खातो, किती झोपतो, कुठल्या कुशीवर झोपतो, याची सगळ्या इमारतीने कसून चौकशी केली आणि शेवटी निष्कर्ष काढला : त्याच्याकडे टेबल आहे.

"टेबल हवंच," मास्तर म्हणाले. "त्याशिवाय सायन्स नाही."

"तिला विचारलंत का?" बायकोने विचारलं.

"गिऱ्हाईक कधी सांगतं का कंबर किती ते? माप आपण घ्यायचं."

त्यांनी गळ्यातली टेप काढली, मुलीला हात पसरायला लावले आणि कोपरापासून कोपरापर्यंत माप घेतलं. इथवर सगळं ठीक होतं. पण मास्तरांचा हात शाळेचे गणवेश शिवून तयार झालेला. वाढत्या अंगाचं माप म्हटलं की चहूबाजूंनी मार्जिन सोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी आठवीत शिवलेली पँट पोरांना दहावीत नीट बसायची. तोवर ती पट्ट्याच्या भरवशावर असायची. आता मुलगी दहावीत, पुढे बारावी, मग इंजिनिअर. इंजिनिअर म्हणजे नकाशे आलेच. मास्तर इयत्तेगणिक इंच सोडत गेले.

"लांबी सात फूट, रुंदी चार," त्यांनी सुताराला सांगितलं.

"मास्तर, यावर विमान उतरवायचंय का?"

"पोर वाढती आहे."

"पोर वाढेल हो. खोली कुठे वाढतेय?"

जिना अरुंद, म्हणून टेबल खोलीतच ठोकलं. शेवटचा खिळा बसला तेव्हा सुतार भिंत आणि टेबल यांच्यामध्ये अडकला होता. टेबलाखालून रांगत तो दाराशी आला, तर दार अर्धंच उघडलं.

मास्तरांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "दोन्ही बाजूंनी जरा आत घ्या. हवं तर खडूने खूण करून देतो."

"मास्तर, हे लाकूड आहे. आत घ्यायला शिवण कुठाय?"

मग टेबल राहिलं आणि पलंग गेला. तो न्यायला बायकोचा भाऊ आला.

"ताई, तू आता झोपणार कुठे?"

"टेबलाखाली."

"आणि भावोजी?"

"तेही टेबलाखालीच."

"मग टेबलावर कोण?"

"सायन्स."

टेबल हप्त्यांवर होतं. हप्ते भागवायला मास्तरांनी एका शाळेचे दोनशे गणवेश अंगावर घेतले. दोनशे गणवेशांचं कापड पसरून कापायला घरात सपाट जागा एकच होती.

"आजच्या दिवस गं," मास्तर मुलीला म्हणाले. "तुझ्याच टेबलासाठी चाललंय सगळं."

मुलीने वह्या उचलल्या. जमिनीवर गठ्ठे, कोपऱ्यात मशीन, टेबलाखाली अंथरुणं. ती जिन्यात गेली आणि दिव्याखालच्या पायरीवर बसली. आजचा दिवस संपेना. परीक्षा आठवड्यावर आली तरी ती पायरीवरच.

"बाबा, माझं भूमितीचं पुस्तक आत राहिलंय."

"कुठल्या साइजखाली?"

"बत्तीसच्या."

"बत्तीस उद्या कापणार आहे. तोवर बीजगणित कर."

तिने बीजगणित केलं. दुसऱ्या दिवशी भूमिती केली. जिन्यात ना मशीनची खडखड, ना कापडाची धूळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देण्यापुरतंच उठावं लागायचं.

निकाल लागला. गणितात अठ्ठ्याऐंशी. इमारत चौकशीला वर आली. कंपाउंडर सर्वांत पुढे, कारण त्याची धाकटी आता दहावीत गेली होती आणि भावाच्या टेबलावर बसून तिला नववीत बावन्न पडले होते.

"टेबल दाखवा," तो म्हणाला.

मास्तरांनी अभिमानाने दार अर्धं उघडलं. आत पँटींचा डोंगर होता.

"मग पोरगी बसायची कुठे?"

"तसं पाहिलं तर टेबल हे एक..." मास्तरांनी सुरुवात केली.

"जिन्यात," बायको म्हणाली.

सगळे जिन्याकडे वळले. कंपाउंडरच्या बायकोने पायरीवर बसून पाहिलं. कंपाउंडरने खाली वाकून पायरीवर वीत टेकवली, बराच विचार केला आणि मास्तरांकडे टेप मागितली.

दुसऱ्या दिवशी सुताराकडे कंपाउंडरची ऑर्डर आली. पायरी, एक नग. रुंदी अकरा इंच, उंची सात इंच. मार्जिन नको.